मागे सरलेल्या समुद्राची मोजणी

जमिनी मोजण्यात माझी ३४ वर्षं गेली. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा हातात साखळी होती, निवृत्त झालो तेव्हा उपग्रहाशी बोलणारं यंत्र. बांधाच्या एका वितीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढताना पाहिले. पण मुळात नसलेली जमीन मोजायची वेळ गेल्या श्रावणात पहिल्यांदा आली.

मुलीकडे रविवारी तिचे मित्र जमतात. चौघांचा डाव ठरला होता आणि चौथ्याची गाडी पावसात बंद पडली. "बाबा, तू बस ना." मला वाटलं पत्ते असतील, रमीला मी केव्हाही तयार. टेबलावर बघतो तर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि चार पेनं. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत.

"जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग करायचं काय?"

"जग. त्यातले लोक, त्यांच्या रीती, त्यांची भांडणं. सगळं आपणच रचायचं."

चहा झाला की उठायचं, असं ठरवून बसलो.

खेळाचं नाव माइक्रोस्कोप. बेन रॉबिन्स यांनी तो २०११ मध्ये आणला. मुलीच्या मित्राने समजावलं, "काका, १९७४ पासून लोक डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. त्यात एक सूत्रधार असतो. तो जग मांडतो, बाकीचे त्यात फिरतात. इथे सूत्रधारच नाही." माझ्या मनात आलं, तलाठ्याशिवायचं गाव, म्हणजे गोंधळ नक्की.

सगळा इतिहास आधी एका वाक्यात सांगायचा. आमचं वाक्य असं झालं: समुद्र मागे सरला, उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसं वसली आणि शेवटी समुद्र परत आला. म्हणजे शेवट पहिल्याच मिनिटाला ठरला. मग 'हवं' आणि 'नको' अशा दोन याद्या. 'नको'मध्ये ड्रॅगन गेले आणि भविष्यवाणीतला राजपुत्र गेला. 'हवं'मध्ये मी मीठ घातलं. नंतर ज्याची पाळी येईल त्याने दोन टोकांच्या मध्ये कुठेही एक कार्ड सरकवायचं. आधी नातवाचं मरण लिहा, मग आजोबांचं लग्न, हरकत नाही. कार्डावर एक गोल काढायचा. बरं घडलं तर रिकामा, वाईट घडलं तर भरलेला. आणि सगळ्यात जाचक नियम म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत तोंड उघडायचं नाही. सल्ला नाही, सूचना नाही. ३४ वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकून मध्ये बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ही शिक्षाच होती.

माझी पाळी आली. मी खानेसुमारीच्या तक्त्यासारखं लिहिलं. लोकांचं नाव ओहोटकर. धंदा शेती. अन्न भात आणि खारा मासा. स्वभाव शांत. रीत: दर पौर्णिमेला पांढरी वस्त्रं नेसून समुद्राला नमस्कार करतात.

"का करतात, काका?" चष्मेवाल्या मैत्रिणीने विचारलं.

"श्रद्धा असते."

"नाही केला तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमस्कार न करणाऱ्या ओहोटकराचं काहीच बिघडत नव्हतं. माझं कार्ड टेबलावर तसंच पडून राहिलं, त्याला जोडून कोणी पुढचं कार्ड लावेना. मी रीत म्हणून नुसता पोशाख लिहिला होता.

तिने मात्र दुसरं माणूसकुळ आणलं. काठकर, म्हणजे समुद्र होता तेव्हाच्या किनाऱ्यावरचे कोळी. समुद्र गेला आणि त्यांच्या नावा उंच काठावर कोरड्या पडल्या. त्यांचं लग्न नावेत बसल्याशिवाय लागत नाही. नवी नाव कोणी बांधत नाही, कारण ती घालायची कुठे? त्यामुळे गावात तीनच नावा उरल्या आणि नाव ज्याच्या दारी त्याचा भाव वधारला. तिने तेवढंच लिहून भरलेला गोल काढला. मी मनात म्हटलं, पोरीने माझ्यावर मात केली. तिच्या रीतीत कोणाचं तरी अडत होतं.

पुढच्या फेरीचा विषय ठरवायचा मान माझ्याकडे आला आणि मी आपल्या घरच्या मैदानावर उतरलो. विषय लिहिला: हद्द. नदीच्या पात्रात गाळ साचून जमीन वर येते, तिला आमच्यात मळईची जमीन म्हणतात. तिच्यावरून होणारी भांडणं मला पाठ होती. पाणी आमचं होतं म्हणून जमीन आमची, असं एक बाजू म्हणते. नांगर आम्ही घातला, असं दुसरी म्हणते. मी काठकरांना एक नवी रीत दिली. वर्षातून एकदा ते एक नाव जुन्या काठावरून ओढत समुद्रापर्यंत नेतात आणि परत आणतात. समुद्र दरवर्षी लांब जातो, ओढ वाढत जाते. आणि त्या वाटेवर आता ओहोटकरांची भातखाचरं आहेत.

या वेळी टेबल हललं. मित्राने तुडवलेल्या पिकाचं कार्ड लावलं, मुलीने वाटेवर घातलेल्या काटेरी कुंपणाचं. मग मैत्रिणीने एक प्रसंग मागितला. प्रसंग म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत नाटक. प्रश्न होता: शेवटची नावही कुजून गेली, तरी काठकर दरवर्षी शेतातून का जातात?

मी म्हातारा काठकर झालो, मुलगी शेत पेरलेली ओहोटकर बाई. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, नाव कुठाय तुमची? नुसता दोर घेऊन माझ्या भातात कशाला शिरता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा आलो नाही तर पुढच्या साली तू इथे बांध घालशील. मग माझ्या नातवाला तुला विचारावं लागेल, जाऊ का म्हणून."

क्षणभर कोणी बोललं नाही. ते वाक्य माझं नव्हतंच. एका गावात पालखीच्या पाणंदीची मोजणी करताना एका म्हाताऱ्याने मला तसंच काहीसं ऐकवलं होतं. देव सडकेनेही जाईल हो, पण एक साल चुकलं की वाट गेली. तेव्हा मी पंचनाम्यात फक्त 'वहिवाट आहे' एवढं लिहिलं होतं. वहिवाट आणि रीत हे एकाच दोराचे दोन पेड आहेत, हे मला कोऱ्या कार्डांपुढे बसल्यावर उमगलं.

आता मला त्या गावाचा लळा लागला. कुठे पाणवठा, कुठे मीठ वाळवायची खळी, सगळं मनात आखून झालं. तेवढ्यात मुलीची पाळी आली. तिने शांतपणे कार्ड ठेवलं: ओहोटकरांनी रात्री काठकरांचं गाव पेटवलं. भरलेला गोल.

"अगं, पण..."

"बाबा, एक शब्द नाही."

मी खरोखर चिडलो. मग तिने ब्राँटे या इंग्रजी लेखक भावंडांची गोष्ट सांगितली. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी १२ लाकडी शिपाई आणले आणि चौघा भावंडांनी त्यांच्याभोवती देश रचले. पुढे एमिली आणि अ‍ॅन त्यातून फुटल्या, त्यांनी गोंडाल नावाचं स्वतःचं बेट काढलं. शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं आंग्रिया वेगळं राहिलं. म्हणजे काल्पनिक जमिनीचीही फाळणी होते. ऐकून बरं वाटलं. शिवाय इथे जळालेलं गाव संपत नाही, जळण्याआधीच्या काळात परत जाऊन आणखी कार्डं घालता येतात. मी लगेच एक घातलं, मिठाच्या बाजाराचं, रिकाम्या गोलाचं.

शेवटची पाळी मित्राची. त्याने अखेरच्या काळात, समुद्र परत येतो तिथे, एक कार्ड सरकवलं. पाणी चढतंय, सखल भागातले ओहोटकर धावत सुटलेत. भातखाचरांच्या चिखलात पाय रुततात, बांध आडवे येतात. जुन्या उंच काठाकडे जाणारी मोकळी वाट एकच आहे, दोर ओढून ओढून घट्ट झालेली.

त्याने गोल रिकामा ठेवला.

वाट मी आखली होती. ती उलटीही चालता येते हे मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन सवयीने कागद घेतला आणि त्या गावाची चतुःसीमा लिहायला बसलो. पूर्वेस जुना काठ. दक्षिणेस मिठाची खळी. उत्तरेस दोराची वाट. पश्चिमेस समुद्र, असं लिहिलं आणि पेन थांबलं. कोणत्या सालचा समुद्र, ते बाकी तिघांना विचारूनच लिहावं लागणार.