हाफ इंजिन

इंजिनाच्या कामाचे आमच्याकडं दोनच प्रकार बोलले जातात, हाफ आणि फुल. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बसवले, पिस्टन-रिंगा बघितल्या की हाफ. क्रँक बाहेर काढून ब्लॉक मशिनशॉपला गेला की फुल. अख्खं इंजिन बदलणं हा तिसरा प्रकार, त्याचं नाव गाडीमालक सहसा तोंडातून काढत नाही. मी हे तिन्ही प्रकार एकाच गाडीवर करून बसलोय, तेही चुकीच्या क्रमानं. एकूण किती पैसे गेले ते घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाही, त्यामुळं इथंही सांगत नाही.

गाडी टाटाची, सोळा-तेरा. वाळवा तालुक्यात आमचं गाव, हंगामात कारखान्याचा ऊस आणि एरवी मिळेल ते भाडं. सांगली मार्केट यार्डातून हळद, तासगावचा बेदाणा, मुंबईहून येताना खत. इंजिन 697. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर 97 मिलिमीटरचा, म्हणून हे नाव. मूळ घराणं मर्सिडीज-बेंझचं. टाटांच्या टेल्कोनं 1954 साली त्यांच्याबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, करार 1969 साली संपला, पण इंजिनाची जात इथंच राहिली आणि अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस तिनं ओढला. या इंजिनाची एक गोष्ट मालकाला माहीत असायला हवी. सहाही सिलिंडरवर मिळून एकच लांब हेड असतं. एका टोकाला जास्त तापलं की अख्खं हेड वाकतं. मला हे माहीत होतं. मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं होतं आणि चारचौघांत सांगतही होतो.

खंबाटकी घाटाचा हिशेब ट्रकवाल्याला पाठ असायचा. तेव्हा साताऱ्याहून पुण्याकडं जाताना बोगदा होता, आणि पुण्याहून येताना चढ. म्हणजे मुंबईहून भरून येणाऱ्या आमच्या गाड्यांच्या नशिबाला घाटच. दसऱ्याच्या आसपास खताची पोती घेऊन गाडी येत होती. चालवायला तात्या, आमच्या गावचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे. घाटाखालचं खंडाळा सोडून चढाला लागल्यावर त्यांचा फोन आला, काटा तांबड्यात गेलाय, बोनेटवर पाय ठेवता येईना. या गाडीचं इंजिन केबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूलाच असतं. ते तापलेलं मांडीला आधी कळतं, काट्याला नंतर.

मी म्हणालो, "हळूहळू आणा. वर पोचलं की उतारच आहे."

हे वाक्य मी घरात ओसरीवर बसून, चहा पिताना बोललो. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला, "काटा खाली आलाय, भाऊ." दोघांनाही बरं वाटलं. खरं म्हणजे तिथंच गाडी बंद करायला हवी होती. काट्याला माप देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी उडून गेलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा हळूच खाली येतो. इंजिन थंड झालेलं नसतं, मोजायला पाणी उरलेलं नसतं. चढ संपायच्या थोडं आधी गाडीनं दम सोडला. जवळच्या टपरीवरून कॅन मागवून तात्यांनी मला विचारलं, "ओतू का?" मी म्हणालो, "ओता." तापलेल्या बिडात गार पाणी. त्या चढावर जे वाचलं असतं, ते मी फोनवरून घालवलं.

साताऱ्यात हायवेलगतच्या गॅरेजला गाडी ओढून नेली. तिथल्या मिस्त्रींनी डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली. ऑइल दुधाळ झालेलं. हातानं इंजिन फिरवून बघितलं, फिरत होतं. ते म्हणाले, "मालक, हेड तर काढायलाच लागतंय. पण खालचंही बघू. आणि पाणी कुठनं गेलं ते कळल्याशिवाय मी गॅरंटी द्यायचो नाही." सरळ, साधं बोलणं होतं. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा दुसराच आकडा फिरत होता.

तो आकडा उचलीचा. ऊसवाहतुकीत नसलेल्या माणसाला हे सांगावं लागेल. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार गाडीमालक करतो. कारखान्याची उचल घेतो, त्यात स्वतःची भर घालतो आणि बीडकडच्या मुकादमाला टोळीसाठी देतो. हंगाम सुरू झाला, टोळी कोपी घालून बसली आणि गाडीच नाही, तर फडात तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, शेतकरी शिव्या देतो आणि मुकादम दुसऱ्या गाडीवाल्याच्या मागं जातो. गाळप तोंडावर आलं होतं. त्यामुळं मिस्त्री इंजिनाबद्दल बोलत होते तेव्हा मला फक्त दिवस ऐकू येत होते. हाफ म्हणजे थोडे दिवस, फुल म्हणजे जास्त दिवस.

"हाफच करा," मी म्हणालो.

हेड उतरल्यावर त्यांनी त्यावर लोखंडी पट्टी उभी ठेवून खालून गेज सरकवून दाखवला. मधे नीट, मागच्या टोकाला, सहा नंबरकडं, पट्टीखाली फट. हेड फेस करून आणलं. मशिनशॉपवाला म्हणाला, प्रेशर टेस्ट करून घ्या. म्हणजे हेडची पाण्याची तोंडं बंद करायची, गरम पाण्यात बुडवून आत हवा सोडायची. बारीक तडा असेल तर बुडबुडे येतात. त्याला आणखी एक दिवस लागणार होता. नको म्हणालो. रेडिएटर खोलायचा विषय निघाला, तोही नको. विमा एजंटला फोन केला तर तो म्हणाला, हा अपघात नव्हे, ब्रेकडाउन आहे, पॉलिसीत बसत नाही. नियम तसाच आहे, त्याची चूक नव्हती. तो राग मी तात्यांवर काढला. "काटा बघता येत नाही काय?" म्हणून त्यांच्या पगारातून पैसे कापले. ते काही बोलले नाहीत. फोनवर कोण काय बोललं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

हंगाम सुरू होऊन बस्तान बसतंय तोवर, फडातून भरून निघालेली गाडी कारखान्याच्या वाटेवर पुन्हा उकळली. या वेळी आवाज करून बंद पडली आणि हातानं फिरेना. सहा नंबरचा पिस्टन धरला होता. मोळ्या उतरवून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये भरताना टोळीतल्या बायका माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मला गॅरेजच्या बिलापेक्षा जास्त लागली.

आता माझं डोकं दुसऱ्या टोकाला गेलं. हे इंजिनच खराब, याच्यावर आता रुपया घालायचा नाही. नव्या इंजिनाची किंमत विचारली आणि गप्प बसलो, गाडी विकून तेवढे आले नसते. कंपनीकडून जुनं देऊन तयार केलेलं इंजिन घ्यायची सोय असते, त्याचीही चौकशी अर्धवट केली, कारण पुन्हा दिवस. भंगारातल्या एका गाडीचं इंजिन मिळत होतं. मालकानं ते घोडीवर ठेवून चालू करून दाखवलं. आवाज सुरेख. बिनलोडचं, पाच मिनिटं चाललेलं कुठलंही इंजिन सुरेखच वाजतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. ज्या गाडीतून काढलं तिचे कागद मागितले नाहीत. इंजिन बदललं की नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988, त्याचं कलम 52 याच कामाचं आहे. कागद नसेल तर आरटीओत पहिला प्रश्न हाच येणार, हे कुठं चोरलं? आमची गाडी आठ वर्षं ओलांडलेली, म्हणजे पासिंग दरवर्षी. नंबर न जुळणारं इंजिन घेऊन मी दरवर्षी त्या दारात कसा उभा राहणार होतो, कोण जाणे.

तेवढं लांब जायची वेळच आली नाही. दुसरं इंजिनही तापायला लागलं.

जोडताना सगळं जुनंच जोडलं होतं. रेडिएटर तोच, वॉटर पंप तोच, होज पाइप तेच. वर थर्मोस्टॅट मी कधीकाळी कुणाच्या तरी सल्ल्यानं काढून टाकलेला. "मधला अडथळा गेला की पाणी जोरात फिरतं," असा आमच्या भागातला लाडका सिद्धांत आहे. थर्मोस्टॅट गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो, हे सगळे सांगतात. अनेक इंजिनांत तो त्याच वेळी आतल्या आत फिरणारी बायपासची वाट बंदही करतो, हे कुणी सांगत नाही. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि तापलेल्या पाण्यातलं काही पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच पुन्हा इंजिनात येतं. पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात राहून मी स्वतःच्या गाडीचा वॉटर पंप कधी खोलून बघितला नव्हता. बघितला तेव्हा पंख्याच्या पात्यांच्या कडा गंजून झिजलेल्या होत्या.

सांगलीत एक म्हातारे रेडिएटरवाले आहेत. त्यांनी वरची टाकी तापवून, डाग सोडवून उघडली आणि पातळ पोलादी पट्टी एकेका नळीत घालायला लागले. पट्टी चार बोटं जायची आणि थांबायची. पुढची नळी, पुन्हा चार बोटं. मधल्या भागात मोजक्याच नळ्या आरपार होत्या. नळीतून काढलेली पांढरी खपली त्यांनी माझ्या हातावर ठेवली, बंबाच्या तळाशी धरते तसली.

"पाणी कुठलं भरता?"

"घरच्या विहिरीचं."

"गाव कुठलं?"

गाव सांगितल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कृष्णेच्या काठानं वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात पांढरी पापडी येते. त्या रानात पीक येत नाही म्हणून मी सरकारला दोष देत होतो आणि त्याच रानातल्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत होतो. कूलंटचे पैसे वाचत होते. तापलं की त्या पाण्यातला चुना सुटतो आणि जिथं जास्त ताप तिथं बसतो. म्हणजे पंपापासून सगळ्यात लांब, सहा नंबरच्या मागं. दोन्ही वेळा तोच सिलिंडर का, याचं उत्तर त्या खपलीत होतं.

जुनं इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं. ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या पोकळीवर पत्र्याची गोल झाकणं असतात, ती काढल्यावर मागच्या बाजूनं घट्ट गाळ निघाला. धुऊन, तपासून बघितलं तर ब्लॉकला कुठंही तडा नव्हता. सहाही बोअर स्लीव्ह टाकून पुन्हा मापात आले. क्रँक एक साइज ग्राइंड करून भागली. तडा होता तो हेडला, दोन व्हॉल्व्हच्या मधे. तो माझ्या गार पाण्यानं पडला की आधीचाच होता, हे आता कळायचं नाही. पण साताऱ्यात प्रेशर टेस्ट केली असती तर बुडबुडे तेव्हाच दिसले असते. नवं हेड, फुल इंजिन, नळ्या खोलून धुतलेला रेडिएटर, नवा पंप, थर्मोस्टॅट. हे सगळं दसऱ्याला केलं असतं तर हंगामाचा पहिला भाग बुडाला असता. माझा बहुतेक सगळाच बुडाला.

आता कुणी विचारलं, इंजिन करू की बदलू, तर मी आधी विचारतो, हेड उतरवलंय का? ब्लॉक फुटला असेल, क्रँकची बैठक गेली असेल, तर बदलण्याचं बोलू. नसेल, तर खर्चाची तुलना नव्या इंजिनाशी करू नका, गाडीशी करा. ती आणखी किती वर्षं चालवणार, ग्रीन टॅक्स आणि दरवर्षीचं पासिंग धरून ती किती कमावणार, आज विकली तर किती येणार. माझ्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब बरोबर काठावर होता आणि आजही मी इंजिन करून चूक केली की बरोबर, हे मला ठामपणे सांगता येत नाही. धाकट्या भावाची नवी गाडी बीएस-6 आहे. तापली की ती स्वतःच ताकद कमी करते, मालकानं फोनवर काहीही सांगू दे.

भंगारातलं ते इंजिन मी विकलं. घ्यायला आलेल्यानं विचारलं, काही तक्रार? मी ते घोडीवर ठेवून चालू केलं आणि आवाज ऐकवला. तापल्याचं बोललो नाही. मला जसं विकलं गेलं तसंच मी विकलं, आणि ज्यानं मला दिलं त्याला चोर म्हणायचा माझा हक्क त्या दिवशी संपला.

तात्या पुढच्या हंगामाला आमच्याकडं आले नाहीत, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेले. कापलेला पगार घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. तात्यांनी नोटा मोजून खिशात घातल्या आणि म्हणाले, "त्या साली दिवाळीचं पण राह्यलंय, भाऊ." ते मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.