नाताळची ईदी आणि तीन गोष्टींचा सिनेमा

ईदची नमाज झाली, शीरखुर्मा पोटात गेला की मुलं ईदी मोजायला बसायची आणि दुपारी थिएटरची वाट धरायची. आमच्या लहानपणी हे ठरलेलंच होतं. फिलिपिन्समध्ये हेच नाताळला घडतं. तिथल्या ईदीला ‘आगिनाल्दो’ म्हणतात. मुलं धर्मपिता-धर्ममातेकडे जातात, त्यांचा हात आपल्या कपाळाला लावतात आणि मिळालेल्या नोटा खिशात घालून बाहेर पडतात. त्यातल्या काही नोटा तिकीट खिडकीवर पोचतात.

तिथे त्या दिवसांत एक कायदा पाळला जातो, तो मला फार आवडतो. 1975 साली सुरू झालेला मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल आता 25 डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो आणि तेवढे दिवस देशभरच्या थिएटरांत निवडक देशी चित्रपटच लागतात. हॉलिवूडला जवळपास सुट्टीच. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचा एक खेळ मिळावा म्हणून 2015 मध्ये आपल्याकडे केवढा वाद झाला होता, ते आठवून पाहा!

या दिवसांत चालतात ते विनोदी सिनेमे आणि अनेक गोष्टी एकत्र बांधलेले सिनेमे. ‘शेक, रॅटल अँड रोल’ हा त्यातला सर्वांत चिवट. पहिला भाग 1984 चा, तीन गोष्टी, तीन दिग्दर्शक. ‘हिमाला’सारखा गंभीर चित्रपट करणाऱ्या इश्माएल बेर्नाल यांनी यात चक्क माणसं मारणाऱ्या फ्रिजची गोष्ट केली आहे. दुसऱ्या एका गोष्टीत कमरेपासून वरचं धड वेगळं करून उडणारी मनानांगाल नावाची हडळ आहे. तिच्याशी झुंजणाऱ्या पोराचं काम केलेल्या हर्बर्ट बाउतिस्ताला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. पुढे तो केसोन सिटीचा महापौर झाला. नावाला हा भयपट, पण त्या फ्रिजला पाहून मला तरी हसूच आलं. सणाला आजीपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत बसतात. एकाला पहिली गोष्ट रुचली नाही तर थोड्या वेळात दुसरी सुरू होते, कुणी रुसत नाही.

शहाण्या लोकांना मात्र हे खपत नाही. 2016 मध्ये निवड समितीने गल्लाभरू विनोदी सिनेमे बाजूला ठेवले. व्हाइस गांडा या लाडक्या विनोदवीराचा ‘द सुपर पॅरेंटल गार्डियन्स’ महोत्सवाबाहेर, नोव्हेंबरअखेर लागला आणि तुफान चालला. महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला ‘संडे ब्यूटी क्वीन’, हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांवरचा माहितीपट. त्याला मिळालेला मान रास्तच होता. पण महोत्सवाची कमाई घसरली आणि पुढच्याच वर्षी विनोदवीर परतले. वर्षभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईने सणाच्या दिवशीही आपलंच दुःख पडद्यावर पाहावं, असा आग्रह धरणारे आपण कोण? चांगला सिनेमा तिला दाखवावा, जरूर दाखवावा. तिचं हसणं काढून घेऊन नव्हे.

खरी अडचण आता तिकिटाची आहे. 2024 मध्ये मनिलात किमान रोजमजुरी 645 पेसो होती आणि चांगल्या मॉलमधलं एक तिकीट तीनशे-चारशेच्या घरात. चौघांचं कुटुंब सिनेमाला गेलं तर दोन दिवसांची मजुरी संपली, खाणं वेगळंच. मुलाच्या आगिनाल्दोत ते कसं बसायचं?

माझा मावसभाऊ दोह्यात नोकरीला आहे, त्याच्या खोलीत एक फिलिपिनो सहकारी राहतो. डिसेंबरचा पगार झाला की तो घरी दोनदा पैसे पाठवतो. एकदा घरखर्चाचे, आणि नंतर थोडे वेगळे. त्या दुसऱ्या पावतीवर तो बायकोसाठी एकच शब्द लिहितो, ‘सिने’.