सोनूबाईचा वाळा

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असं म्हणताना हसू नेहमी सोनूबाईचं होतं. तिचं नाव कुणी ठेवलं आणि वाळा कुणी आणला, याची चौकशी कुणी करत नाही. नाव आईबापांनी हौसेनं ठेवलेलं असणार आणि वाळा ऐपतीप्रमाणे केलेला. हौस आणि ऐपत यांच्यात अंतर पडलं, तर त्यात लेकीचा काय दोष?

पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानाच्या बाबतीतही हेच झालं. द्रुतगती मार्गालगत, मावळच्या डोंगरांकडे तोंड करून बसलेलं हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं मैदान २०१२ मध्ये खुलं झालं. आराखडा इंग्लंडच्या हॉपकिन्स यांच्या वास्तुसंस्थेचा. प्रेक्षागृहावरचं ताणलेल्या कापडाचं पांढरं छत आजही प्रवाशाची नजर ओढून घेतं. नावाचे हक्क सहारा समूहानं घेतले, रक्कम २०० कोटींहून अधिक ठरली आणि पाटीवर ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ आलं. पुढे हप्ते थकले. २०१३ मध्ये संघटनेनं ते नाव झाकलं. त्याच वर्षी सहाराचा पुणे वॉरियर्स संघ आयपीएलमधून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी खुद्द समूहाचे प्रमुख रॉय तुरुंगात गेले. डिसेंबर २०१२ मध्ये युवराजसिंगनं याच मैदानात इंग्लंडविरुद्ध भारताला सामना जिंकून दिला. त्या सामन्याच्या तेव्हाच्या धावफलकावर जे नाव छापलं गेलं, ते आज मैदानावर नाही.

फुटबॉलमध्ये पुण्याला मैदानाचं नाव विकायची सोयच नव्हती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेली बालेवाडीची क्रीडानगरी सरकारची, आणि तिला नाव शिवछत्रपतींचं. त्यामुळे पैसा मैदानाऐवजी संघाच्या नावात शिरला. १९८७ पासून चालत आलेला शिवाजियन्स हा इथला क्लब ‘डीएसके शिवाजियन्स’ झाला, त्यानं लिव्हरपूलच्या सहकार्यानं अकादमी काढली आणि आय-लीगपर्यंत मजल मारली. २०१७ मध्ये तो बंद पडला. वर्षभराच्या आत बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना ठेवीदारांच्या प्रकरणात अटक झाली. एफसी पुणे सिटीच्या नावात तर मालकाचं नाव औषधालाही नव्हतं, शहराचंच होतं. वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या या संघाकडून पहिल्या मोसमात फ्रान्सचा त्रेझेगे खेळला. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांच्या जोरावर संघ उपांत्य फेरीत पोचला. चाहत्यांची ‘ऑरेंज आर्मी’ बालेवाडीत घसा फोडून ओरडली. २०१९ मध्ये मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि इंडियन सुपर लीगमधली पुण्याची जागा हैदराबादला गेली. शहराचं नाव छातीवर असूनही शहराला कुणी विचारलं नाही. मग नाव विकण्यावरच एवढा राग का धरायचा? जिथे ते विकलं नव्हतं, तिथेही हातात काही उरलं नाही.

शिवाय पुण्यानं पैशाच्या नावांना कधी नाक मुरडलेलं नाही. रुग्णाला ‘ससूनला न्या’ म्हणणाऱ्याला डेव्हिड ससून यांच्या देणगीची आठवण असायचं कारण नाही. फर्ग्युसन कॉलेजला नाव मिळालं ते मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं, आणि त्यांनी दिलेली रक्कम होती १,२०० रुपये. त्या काळाच्या मानानंसुद्धा एवढ्या मोठ्या नावाला ती थोडीच. बुधवारातल्या गणपतीला तर अवघं शहर एका मिठाईच्या व्यापाऱ्याच्या नावानं ओळखतं. दगडूशेठ हलवाई यांच्याशी कुणी करार केला नव्हता, मुदत ठरवली नव्हती. माणसं हात जोडतात तेव्हा देवाबरोबर एका दुकानदाराचंही नाव तोंडी येतं आणि कुणाला खटकत नाही.

ही नावं भक्तीची, कृतज्ञतेची, आणि आताची सौद्याची, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम आडवं येतं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला बॅकबेच्या भरावावरची जागा हवी होती. सांगतात ते असं, की क्लबचे अँथनी डी मेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्यापुढे सरळ पर्याय ठेवला: खेळाडूंकडून सरकारला पैसे हवेत की स्वतःला अमरत्व? लाटसाहेबांनी अमरत्व घेतलं आणि क्लबला जवळपास ९०,००० चौरस वार जागा साडेतेरा रुपये वारानं मिळाली. डिसेंबर १९३७ मध्ये मैदानाचं उद्घाटन झालं तेव्हा ब्रेबर्न मुंबई सोडून बंगालला गेले होते, आणि दीड वर्षाच्या आत ते वारले. त्यांचं नाव मात्र राहिलं. हा सौदाच होता, आणि सरकारी जमीन त्यात स्वस्तात गेली. तरी आज त्या नावाला चर्चगेटचा वारा लागल्यासारखं वाटतं. ऐंशी-नव्वद वर्षांत सौदा पुसला जातो का? सहाराचे हप्ते वेळेवर आले असते, तर २१०० साली गहुंज्याची मुलं तेच नाव प्रेमानं घेत असती का? नाही म्हणायला जीभ धजत नाही.

आणि सहाराचं नाव उतरल्यानं गहुंज्याच्या मैदानाचं भलं झालं, असंही नाही. २०१८ च्या सुरुवातीला ६९ कोटींहून अधिक थकबाकीसाठी बँकांनी या मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. नाव विकणं वाईट म्हणावं, तर न विकल्याचं कर्ज कुणी फेडायचं? पुढे एप्रिलमध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे आयपीएल सामने इथे आले आणि पिवळे सदरे घातलेली माणसं रेल्वेनं पुण्याला उतरली. खेळपट्टी, गवत, दिवे आणि रात्री उशिरा कव्हरं ओढणारे हात त्यांच्यासाठी तयार होते.

म्हणूनच त्या कथलाकडे पुन्हा वळावंसं वाटतं. म्हण सोन्याच्या बाजूनं बोलते आणि कथलाला हलकं ठरवते. पण वाड्यावाड्यांत पितळेची पातेली चुलीवर चढत होती तेव्हा घर चालायचं ते कथलावर. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं ती चांदीसारखी पसरवायचा. ती झिलई उडाली की ताक कळकायचं, आमटी हिरवट पडायची. सोन्यावाचून कुणाचं जेवण अडलं नाही, कथलावाचून अडायचं. म्हण रचणाऱ्याच्या घरातही कल्हईचीच भांडी असणार. तरी त्याला तो धातू उपहासालाच सुचला, याचं नवल वाटतं. आणि कल्हईसुद्धा कायमची नसते, काही महिन्यांनी पुन्हा करावीच लागते. नावाचे पैसे म्हणजे असलीच झिलई असेल तर तिला सोनं समजणं चूक, आणि फेकून देणंही चूक.

कोल्हापूरकर हे ऐकून मान हलवेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ उतरतात तेव्हा ते आपल्या तालमीचं नाव घेऊनच उतरतात, आणि ते विकत घ्यायची हिंमत कुणी करणार नाही. पण पुण्याच्या फुटबॉलमागे पेठ उभी राहिली नाही. उभी राहिली ती कंपनी.

जर्मनीत न्यूरेंबर्गला वेगळंच घडलं. तिथल्या चाहत्यांना मैदानाला माक्स मोरलॉक यांचं नाव हवं होतं. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा पहिला गोल मोरलॉक यांचा. २०१७ मध्ये एका बँकेनं हक्क घेतले, चाहत्यांनी लोकवर्गणीची भर घातली आणि पाटीवर बँकेऐवजी मोरलॉक आले. वर्गणीचं शास्त्र पुण्याला कुणी शिकवायला नको. आणि पाटीवर लावण्याजोगं नावही आहे: डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी असताना काठियावाडनं सामना सोडून दिला. उद्या एखाद्या कंपनीनं गहुंज्याचे हक्क घेऊन पाटीवर निंबाळकरांचं नाव लावलं, तर पुणेकर नक्कीच खूश होतील. पण तोही करारच. दहा वर्षांनी मुदत संपेल, नवा देणारा येईल आणि निंबाळकरांचं नाव उतरवावं लागेल. तो दिवस टाळायचा म्हणून नाव लावूच नये? की दहा वर्षं का होईना, मुलांनी फाटकातून आत जाताना ते वाचावं? पुण्यात हा प्रश्न दहा जणांना विचारला तर उत्तरं अकरा येतील, आणि त्यातलं कुठलं खोडावं हे ठरत नाही.