आजीला कोण सांगणार?

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आमची वसईची सामवेदी बोली, शाळेत इंग्रजी आणि चर्चमध्ये पुस्तकी मराठी, अशी माझी भाषेची मिसळ आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. संपादिकाबाईंनी (म्हणजे आमच्याच वर्गातल्या मैत्रिणीने) 'इंजिनीअरिंगमधला सर्वात कठीण प्रसंग' यावर लिही म्हणून मागे लागून लागून हा लेख घेतला आहे. पण माझी सर्वात कठीण व्हायव्हा कॉलेजात झालीच नाही. ती झाली आमच्या घराच्या ओट्यावर, आणि एक्स्टर्नल होती अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आजी.

सुरुवात झाली सेकंड इयरला, एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री. लाप्लास ट्रान्सफॉर्मशी झटापट चालू होती आणि दादाचा बेंगळुरूहून फोन आला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तिथे नोकरीला आहे.

"ऐक ना, मी बाप्तिस्मा घेतला."

मला वाटलं, मस्करी करतोय. म्हटलं, "तुझा सव्वीस वर्षांपूर्वीच झालाय. अल्बममध्ये फोटो आहे, भोकाड पसरलंयस."

तो हसला नाही. म्हणाला, "मी दुसऱ्या चर्चमध्ये गेलोय. लोक मॉर्मन म्हणतात, पण तू तसं म्हणू नकोस. पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "मम्मीला आणि आजीला तू सांगशील? तुझं ती ऐकते."

एम-थ्रीत त्या वेळी मला बेचाळीस मिळाले. कारण आता कळलं असेलच.

परीक्षा संपल्यावर मी नेटवर वाचत बसले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या मुलाला १८२० मध्ये, चौदाव्या वर्षी, दर्शन झालं असं हे लोक मानतात. १८३० मध्ये त्याने 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन केलं. बायबल ते मानतात, येशूला मानतात, पण त्यांच्या मते मूळ चर्च मधल्या काळात हरवलं होतं आणि स्मिथच्या हातून ते परत आलं. म्हणजे आपलं चर्च, जिथे माझे आजोबा गायनमंडळात होते, ते हरवलेल्यांपैकी! मला राग आला. त्यातून आणखी एक कळलं. कॅथलिक माणूस त्यांच्याकडे गेला की त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, आणि व्हॅटिकननेही २००१ मध्ये जाहीर केलं की त्यांचा बाप्तिस्मा आपण वैध धरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडून हँडशेक फेल.

सांगायचं ठरवलं होतं, पण जमेना. नाताळ आला. दादा चार दिवसांच्या सुट्टीवर आला. आजीने त्याच्या आवडीचा, आलं घातलेला चहा केला आणि कप पुढे केला. दादा म्हणाला, "नको आजी, सोडलाय."

आमच्या घरात आजवर कुणी चहाला नाही म्हटलेलं नाही. आजीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून! त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो आणि कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. हे मला माहीत होतं, आजीला नव्हतं. दादा म्हणाला, "ॲसिडिटी होते." मी मान डोलावली. मध्यरात्रीच्या मिस्साला तो आमच्याबरोबर आला, पण परमप्रसादाच्या वेळी बाकावरच बसून राहिला. आजी रांगेतून परत येताना त्याच्याकडे बघत होती. मी खोटं बोलायला तयार होते, पण तिने मला काही विचारलंच नाही.

तुम्ही म्हणाल, मग दादा गेलाच का? हाच प्रश्न मी त्याला त्या रात्री गच्चीवर विचारला, आणि मला वाटलं होतं तसं उत्तर मिळालं नाही. पैसे नाहीत, मुलगी नाही, कुणी फसवलंही नाही.

आमचे पप्पा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. दादा तेव्हा बेंगळुरूला स्वतःच पॉझिटिव्ह होऊन एका खोलीत अडकला होता. मोजक्या माणसांत पप्पांचं दफन झालं आणि ते त्याने मोबाईलवर पाहिलं, तेही मध्येच नेटवर्क गेलं. त्यानंतर तो कधी त्याबद्दल बोलला नव्हता. "तिकडे मला कुणी ओळखत नव्हतं. रविवारी चर्चला जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो, घरी यायचो. वर्षभर कुणी नाव विचारलं नाही. मग बसस्टॉपवर ती दोन मुलं भेटली. छातीवर 'एल्डर' अशी पाटी, म्हणजे वडीलधारा, आणि वय माझ्यापेक्षा कमी! दोन वर्षं घरदार सोडून आलेली. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी पप्पांचं सांगायला लागलो आणि तासभर थांबलोच नाही." त्यांच्या शिकवणीत कुटुंब मरणानंतरही कुटुंबच राहतं. मंदिरात नवरा-बायको आणि आई-वडील-मुलं कायमची जोडली जातात. बेंगळुरूला असं मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाचा शुभारंभ झाला. दादा त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज पप्पांसारखा झाला होता.

मी म्हटलं, "आपणही पुनरुत्थान मानतोच की." तो म्हणाला, "मानतो गं. पण मला ते तिथे ऐकू आलं."

यावर मला काही बोलता आलं नाही.

अखेर मे महिन्यात सांगितलं. संध्याकाळची जपमाळ झाली. आजी रोज एक रहस्य बेंगळुरूच्या नातवासाठी म्हणते, त्याची रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून. सहा महिने मी तिच्याशेजारी बसून 'नमो मरिये' म्हणत होते आणि प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकत होतं. त्या दिवशी जपमाळ डबीत ठेवायच्या आधीच मी बोलून टाकलं. सगळं, एका दमात.

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पाण्यात पूर्ण बुडवतात?"

"हो."

"थंड पाणी होतं का? त्याला लगेच सर्दी होते."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. पण आजी उठली, कपाट उघडलं आणि एक पिशवी आणली. त्यात दादाचं बाप्तिस्म्याचं पांढरं झबलं आणि अर्धी जळलेली मेणबत्ती होती. "ही तुझ्या बापाने हातात धरली होती. ती काय खोटी होती? ते पाणी काय नळाचं होतं?" याचं उत्तर ना माझ्याकडे होतं ना व्हॅटिकनकडे.

मम्मी दारात उभी होती. ती म्हणाली, "मला नाताळातच कळलं होतं. चहा नको म्हणाला तेव्हाच. नेटवर मलाही बघता येतं." म्हणजे घरात दोघी जणी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो!

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांचा पहिला प्रश्न, "आता चार बायका करणार का तो?" मी सांगितलं की ती प्रथा त्यांच्या चर्चने १८९० मध्येच बंद केली. काका म्हणाले, "दारू सोडली ते बरं झालं," आणि मग आवाज चढला. "आपलं चर्च काय कालचं आहे? गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १५९७ मध्ये जपानात क्रुसावर जीव दिला, धर्म सोडला नाही. आणि हा बसस्टॉपवर धर्म बदलतो!"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आपलेही पूर्वज बदललेच होते ना? पोर्तुगीज १५३४ नंतर आले. त्याआधी आपण कोण होतो?"

"ते वेगळं," काका म्हणाले. कसं वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते वेगळं होतंही. तेव्हा राज्य बदललं होतं, दादावर कुणाचंच राज्य नव्हतं. वाद तिथेच थांबला. आमच्या फादरनाही घरी बोलावलं. ते काकांसारखे चिडले नाहीत. दादाची निवड चुकीची आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण जाताना मम्मीला म्हणाले, "दार बंद करू नका."

आजी आठवडाभर दादाच्या फोनवर आली नाही. मग एका दुपारी मोगऱ्याचा गजरा ओवता ओवता ती एकदम म्हणाली, "बाय, तू म्हणालीस ना, आपल्यातलं पहिलं कुणीतरी चर्चमध्ये गेलं असेल. त्याच्या आईचं काय झालं असेल गं?"

मी इतिहासात पूर्वज शोधले होते. आजीने त्यांची आई शोधली.

जूनमध्ये दादा स्वतः आला. ओट्यावर आजीसमोर खाली बसला आणि म्हणाला, "मी घाबरलो, म्हणून हिला पुढे केलं. चूक झाली." आजीने त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "तुझं लग्न मला बघता येईल का?" कारण तिला काकांकडून कळलं होतं की त्यांच्या मंदिरात बाहेरच्यांना प्रवेश नसतो. दादाने सांगितलं की आधी सगळ्यांसमोर लग्न करून नंतर मंदिरात जाता येतं, २०१९ पासून त्यासाठी वर्षभर थांबायची अटही नाही. दुसरी गोष्ट अवघड होती. त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांसाठीही जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, पूर्वजाने तो स्वीकारावा की नाही हे त्याच्यावर असतं असं ते मानतात. दादाने मागे एकदा आजीकडून पणजोबा-पणजीची नावं उतरवून घेतली होती. तेव्हा ती खूश झाली होती. आता तिला अर्थ कळला होता.

"माझ्या मुलाचं नाव तिथे द्यायचं नाही," आजी म्हणाली. "तो आपल्या आईच्या चर्चमध्ये गेला. त्याला तिथेच राहू दे."

दादाचा चेहरा पडला. ज्या एका गोष्टीसाठी तो एवढा लांब गेला होता, तीच ती मागत होती. बराच वेळ तो अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. तू आणि मम्मी हो म्हणेपर्यंत नाही." त्यांच्या नियमातही अलीकडे जन्मलेल्या माणसासाठी जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते, हे मला नंतर समजलं. पण त्या क्षणी तो नियम सांगत नव्हता, शब्द देत होता.

आजी आत गेली. थोड्या वेळाने ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा मम्मी आणि मी एकमेकींकडे बघितलं. आजीने कप दादासमोर ठेवला. "परसातली गवती चहाची पात आहे आणि आलं. पावडर नाही घातली. हे चालतं ना तुमच्यात?"

"चालतं," दादा म्हणाला, आणि कप तोंडाला लावून बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

मित्रमैत्रिणींनो, यातून 'सगळं गोड झालं' असा अर्थ काढू नका. काका अजून दादाशी तुटकच बोलतात. मला स्वतःला ते हरवलेल्या चर्चचं आजही पटत नाही, आणि दादाला ते मी सांगते. नाताळात बाकावर तो बसून राहतो तेव्हा अजूनही पोटात कसंतरी होतं. आजी संध्याकाळचं ते एक रहस्य अजून म्हणते, फक्त त्यातली मिस्साची मागणी आता ती मोठ्याने बोलत नाही. पण रविवारी दुपारी दादाचा फोन आला की पहिली तीच घेते आणि विचारते, "आज तुझ्या तिकडे किती माणसं होती? कुणी नवीन आलं तर नाव विचारतोस ना रे?"