पाहुणा दुसऱ्यांदा का येतो?



आमच्या जाऊबाई घराच्या वरच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात. खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यातूनच भागतो. त्यामुळे आलेला पाहुणा पुन्हा येईल का, हा आमच्या घरी हिशेबाचाच प्रश्न आहे.

पहिल्यांदा माणूस रत्नागिरीला का येतो, हे सोपं आहे. आरे-वारेचा रस्ता, रत्नदुर्ग, गणपतीपुळे, थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याला परत मायदेशी जायचं होतं, जाता आलं नाही. आपल्या पाहुण्याचं उलट असतं. त्याला कुणी अडवत नाही, पण राजवाडा एकदा बघून झाला की त्याने पुन्हा का यावं?

गुलमर्गला बर्फावर घसरायला जाणारे लोक आधी बर्फ किती पडला ते विचारतात. आपल्याकडे समुद्र बारा महिने असतो, पण पावसाळ्यात तो खवळतो. पुळ्याला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून जाऊबाई जुलैत फोन करणाऱ्याला आधीच सांगतात, "या, पण पाण्यात उतरायचं नाही." एक कुटुंब त्यावर नाराज होऊन आलंच नाही. पुढच्या जानेवारीत मात्र तेच आलं, "तुम्ही खरं सांगितलंत" म्हणत.

रखडलेला महामार्ग आणि कोकण रेल्वेचं न मिळणारं तिकीट आपल्या हातात नाही. ताट आहे. जाऊबाईंची एक वही आहे. कोण उकळलेलं पाणी पितं, कुणाच्या सासूबाईंना जिना चढवत नाही, सगळं त्यात लिहिलेलं. सांगलीचं एक जैन कुटुंब तीनदा येऊन गेलं. सूर्यास्ताच्या आत गरम तांदळाची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी, लसूण न घातलेली सोलकढी. त्या घरच्या काकू म्हणाल्या, "बाहेर गेलं की आम्ही काय खात नाही हेच सांगत बसावं लागतं. इथे नाही सांगावं लागत."

सध्या आमच्यात एकच वाद आहे. नाताळच्या आठवड्यात आजूबाजूला दर दुप्पट होतो, तेव्हा आपणही करायचा का? नव्यांना थोडा वाढवावा, पण वहीत नाव असलेल्यांना जुनाच ठेवावा, असं माझं मत. त्यांच्याच येण्यावर जूनचा हप्ता उभा आहे.