पाठीवरचा व्रण

साताऱ्याहून मिरजेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी निघालो, की उपाशीपोटीही कऱ्हाडपर्यंत घास अडकल्यासारखं वाटतं. जन्मतः माझी अन्ननलिका मधेच तुटलेली, लगेच जोडली. असं बाळ एकाच शस्त्रक्रियेत जोडून पहिल्यांदा वाचवलं ते कॅमेरॉन हाइट यांनी, १९४१मध्ये, अमेरिकेत. म्हणजे आमच्यासारख्यांचं म्हातारपण वैद्यकाला तसं नवंच. आम्ल वर येत राहतं, नळीच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलू शकतं. म्हणून मोठेपणीही पाहत राहायचं. उजव्या खांद्याखालचा व्रण माझ्याबरोबर वाढला, लांबला. मला तो आरशाशिवाय दिसत नाही. आई मात्र डोळे मिटूनही दाखवेल. सांगलीचं भडंग मी बिनघोर खातो, भाकरीला पाण्याचा घोट लागतोच. अन् आई अजून माझ्या गळ्याकडे बघतच जेवते. तिला काय सांगावं, कळत नाही.