अब्बांचा हीटर

सोलापुरात मोटारीला हीटर बसवून घेणारा माणूस एकच, आणि तो आमचा बाप, असं आमच्या गल्लीत हसून सांगितलं जायचं. अब्बांनी 1984 सालची एक जुनी पद्मिनी विकत घेतली आणि महिनाभरात भंगारातून एक हीटर शोधून आणून तिला जोडला. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. रात्री गच्चीवर पाणी मारून झोपणारी माणसं आम्ही. शेजारी म्हणायचे, "मिस्त्री, अब गाडी कू स्वेटर भी पिनाव." अब्बा हातातला पाना न ठेवता उत्तर द्यायचे, "गाडी कू लगता, हमना नै."

अब्बा रेडिएटरचे कारागीर. दादामियाँ, म्हणजे माझे आजोबा, कल्हईवाले होते. तांब्या-पितळेची भांडी भट्टीवर तापवायची, नवसागराची पूड टाकायची, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पुसून भांडं चांदीसारखं करायचं. लग्नसराईत आणि रमजानच्या आधी त्यांना जेवायला वेळ मिळत नसे. मग घरोघरी स्टेनलेस स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही. दादामियाँ शेवटी शेवटी दारावर बसून राहायचे आणि एखादी बाई परात घेऊन आली की तरतरीत व्हायचे. अब्बांनी वेळीच ओळखलं की तांबं आणि पितळ स्वयंपाकघरातून निघून मोटारीच्या बॉनेटखाली गेलं आहे. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचेच असत, आणि त्यांना डाग द्यायला तीच आच, तेच कथील, तोच नवसागर लागे. अम्मा सांगायची, लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या कपड्यांना जो वास होता, तोच पुढे ह्यांच्या कपड्यांना यायला लागला.

हैदराबाद रस्त्याच्या कडेला अब्बांची पत्र्याची टपरी होती. उन्हाळ्यात बॉनेट उघडून, वाफा सोडत गाड्या तिथे यायच्या. चालक घाबरलेला असायचा आणि पहिली गोष्ट म्हणजे रेडिएटरचं टोपण उघडायला धावायचा. अब्बा त्याला मनगट धरून थांबवत. त्या टोपणात स्प्रिंग असते. तिच्यामुळे आत दाब राहतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. अब्बांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत एक गुळगुळीत डाग होता. उमेदवारीच्या पहिल्या वर्षीचा.

त्यानंतर ते हकिमासारखे प्रश्न विचारत. "बुखार कब चढता? खडे रहे तो, या भागते वक्त?" मला लहानपणी वाटायचं, हा वेळकाढूपणा आहे. पण अर्धं निदान त्या एका प्रश्नातच होतं. गाडी गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा थंड होते, म्हणजे पाणी ठीक आहे, हवा मिळत नाही. पंख्याचा पट्टा सैल झाला असेल, पाती मोडली असतील, जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील. उलट उभी असताना शांत आणि तुळजापूरचा घाट चढताना तापते, म्हणजे हवा मिळते पण पाणी फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या बुजल्या आहेत किंवा पाण्याचा पंप थकला आहे. वरचा होज पाइप हात लावू देत नाही आणि खालचा थंडगार, तर पाणी मध्ये कुठेतरी अडलं आहे. टोपण काढल्यावर इंजिन चालू असताना पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरली, तर अब्बा काही न बोलता मान हलवत. हेडचं पॅकिंग गेलं. ते त्यांच्या टपरीचं काम नव्हतं.

कधी गाडी तापलेलीच नसायची. चहाला थांबली आणि परत सुरू होईना, एवढंच. इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोलचा छोटा पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफेला पंप पुढे ढकलू शकत नाही. अशा वेळी अब्बा खांद्यावरचा रुमाल भिजवून त्या पंपावर टाकत आणि म्हणत, पाच मिनिटं बसा. पाच मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. ह्या कामाचे पैसे ते घेत नसत. रुमाल मात्र परत मागून घेत.

थर्मोस्टॅटवरून त्यांचं इतर मिस्त्रींशी भांडण होतं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. आत मेण भरलेली डबी असते. ऐंशी अंशांच्या पुढे ते मेण फुगतं आणि झडप उघडून पाण्याला रेडिएटरकडे सोडतं. तो बिघडून बंदच राहिला की गाडी तापते. आपल्याकडे बहुतेक मिस्त्री त्यावर एकच इलाज करत, तो काढून फेकून देत. गरम मुलखात त्याचं काय काम, असं म्हणत. अब्बा ऐकत नसत. इंजिन पुरेसं तापलं नाही तर पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं, हे त्यांना पाठ होतं. ते घरी येऊन अम्माच्या दुधाच्या पातेल्यात पाणी तापवत, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट त्यात सोडत आणि झडप उघडते का बघत. अम्माचा आरडाओरडा त्यांच्या कानात शिरत नसे.

रेडिएटर गरम असताना ते त्याच्यावरून तळहात अलगद फिरवत. जिथे नळ्या बुजलेल्या तिथे तो गारच राहतो. खडूने तेवढ्या भागावर खूण करत. आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा तो हात असे.

आता त्या पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे. बोअरचं पाणी मुबलक, पण जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो. हाच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. उष्णता त्यातून बाहेर पडत नाही आणि हळूहळू वाटही बंद होते. अब्बांनी घरच्या पद्मिनीचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे दिलं होतं. अट एकच होती. नळाचं पाणी घालायचं, ते नसेल तर माठातलं. पण माठातलं घेतलं की अम्मा रागवायची आणि नळाच्या पाण्याची घागर पार आतल्या खोलीत. बोअरचा हातपंप दाराशी. मी कॉलेजात शिकत होतो, मला इतर कामं होती. दोन वर्षं मी बोअरचं पाणी घातलं. कोणाला काय कळणार होतं?

1998 चा मे महिना. आपाचं सासर अक्कलकोटला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्या आठवड्यात तिला आणायचं ठरलं होतं. शेजारच्या फोनवर निरोप आला की कळा आताच सुरू झाल्यात, महिनाभर आधी, आणि तिथल्या डॉक्टरांनी सोलापूरला हलवायला सांगितलंय. अब्बा, अम्मा आणि मी निघालो. जाताना काटा नेहमीपेक्षा थोडा वर होता. अब्बांनी पाहिला, मीही पाहिला. दोघंही बोललो नाही.

परतताना दुपारचे दोन वाजले होते. मागच्या सीटवर आपा, तिचं डोकं अम्माच्या मांडीवर. वळसंग जवळ आलं आणि काटा लाल पट्टीला टेकला. थांबलं असतं तर इंजिन निवायला अर्धा-पाऊण तास, तोही झाड नसलेल्या रस्त्यावर. अब्बांनी मागे वळून एकदाच पाहिलं. मग मला म्हणाले, "चारों काचां खोल." आणि त्यांनी हीटरचा नळ पूर्ण उघडून त्याचा पंखा सुरू केला.

हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता आत ढकलतो. थंड मुलखात ती माणसांसाठी असते. पण मोठा रेडिएटर कमी पडत असेल, तर हाच छोटा त्याच्या ओझ्यातला वाटा उचलतो. इंजिनातली आग आमच्या पायांवर यायला लागली. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन, आत भट्टी. अब्बांनी वेग चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. अम्मा ओढणी भिजवून आपाच्या चेहऱ्यावर धरत होती आणि आयतुल कुर्सी पढत होती. आपा मध्येच ओरडली, "अब्बा, वो बंद करो ना!" त्यांनी बंद केला नाही. मी काट्याकडे बघत होतो. कुंभारीच्या आसपास तो लाल पट्टीतून एक काडीभर खाली आला आणि तिथेच राहिला. अक्कलकोट रोडवरचे कारखाने दिसू लागले तेव्हा माझ्या चपला घामाने पायातून निसटत होत्या.

संध्याकाळी मुलगी झाली. वजन कमी होतं, काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून उशीर झाला असता तर दोघींचंही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाजानंतर अब्बांनी पद्मिनीचा रेडिएटर उतरवला, गॅसच्या ज्योतीने डाग वितळवून वरची टाकी वेगळी केली आणि मला हाक मारली. अर्ध्याहून जास्त नळ्यांची तोंडं पांढरी झाली होती. चपटी सळई नळीत घालून त्यांनी एक खपली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "बोअर का पानी है," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. मग दुसरी सळई माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकेक नळी मोकळी करत बसलो. ते काम मला तेवढंच येतं, त्या एका दिवसाचं.

पुढे अब्बांचा धंदाही दादामियाँच्या वाटेने गेला. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. त्यांना डाग देता येत नाही, गळला की फेका आणि नवा बसवा. आमच्या बिरादरीत हे तिसऱ्या पिढीला कळतं, की हातातली कला जाते तेव्हा ती कोणी हिसकावून घेत नाही, फक्त वस्तूचा धातू बदलतो. अब्बा 2011 साली गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बाद झाली, ती बातमी मी दोनदा वाचली. आमची पद्मिनी मी दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पुन्हा पास करून आणतो. हीटर अजून आहे. मध्यंतरी पायाखालची सतरंजी ओली व्हायला लागली आणि काचेवर गोडसर वासाची वाफ धरू लागली, म्हणजे तो आतून गळत होता. डाग द्यायला माणूस शोधायला मला दोन महिने लागले.

ती काचेच्या पेटीतली मुलगी आता नोकरी करते, तिची स्वतःची जुनी गाडी आहे. ह्या उन्हाळ्यात फोन आला, "मामू, एसी थंडच करत नाही, गॅस भरून घेऊ का?" मी विचारलं, उभी असताना की चालत असताना? ती म्हणाली, हायवेला छान गार, सिग्नलला गरम. मी म्हटलं, गॅसवाल्याकडे जाऊ नकोस, आधी पुढचा पंखा फिरतो का बघ. पंख्याचा फ्यूज उडालेला निघाला.

परवा ती घरी आली तेव्हा पद्मिनीची डिकी उघडून बघत होती. आता मी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घालतो, त्याचा पाच लिटरचा कॅन तिथे असतो. त्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : बोअरचं नाही. ती वाचून हसली, म्हणाली, "मामू, हे कोणासाठी लिहिलंय?" मी डिकी लावली आणि चहा घेऊ म्हटलं. तिला अजून सांगितलेलं नाही. आपालाही नाही.